मनी रुसली की आजारी पडली?

दोस्तांनो, तुमच्या घरी मांजर आहे ना? मग हा प्रसंग ओळखीचा असेल. सकाळी बशी भरून ठेवली. मनी आली, वास घेतला आणि पाठ फिरवून निघून गेली. संध्याकाळीही बशी तशीच! 'रुसली असेल, भूक लागली की येईल आपणहून,' असं घरात कुणीतरी म्हणतंच.

पण थांबा! आजीची एकादशी वेगळी आणि मनीचा उपास वेगळा. मांजराने खाणं सोडलं की त्याच्या अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृताचं काम मंदावतं. लठ्ठ मांजराच्या तर काही दिवसांचा उपासही जिवावर बेततो.

म्हणून आधी थोडी हेरगिरी करा. मनी शेजारच्या काकूंकडे जेवून आली नाही ना? घरात पाहुणे, रंगकाम, फटाके? घाबरलेलं मांजर खात नाही. नाक चोंदलंय का? मांजराला अन्नाचा वास आला नाही, तर ते तोंड लावत नाही. बशीपाशी येऊन मागे फिरते, लाळ गळते? मग दात किंवा हिरड्या दुखत असतील.

आता काय करायचं? अन्न कोमट करा, म्हणजे वास सुटेल. बशी शांत कोपऱ्यात ठेवा. बिनमसाल्याचं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन देऊन पाहा. कांदा-लसूण मात्र मुळीच नको. दुधात साखर घालून उपयोग नाही, कारण मांजराला गोड चव कळतच नाही! शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. घास जबरदस्तीने कोंबू नका. आणि आई-बाबा, हे तुमच्यासाठी: घरातली तापाची गोळी मनीला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

मनीने शेवटचं कधी खाल्लं, पाणी प्यायली का, शू केली का, हे वहीत लिहून ठेवा. 24 तास काहीच खाल्लं नाही, तर वही घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. पिल्लू असेल तर इतकंही थांबू नका. उलट्या, धाप, शूला बसूनही शू न होणं किंवा दोरा गिळल्याचा संशय असेल, तर लगेच निघा.

'माझं पोट दुखतंय' असं मनीला सांगता येत नाही. भरलेली बशी हेच तिचं सांगणं. ते तुम्ही ऐकाल ना?