दुर्लक्षित चित्रपटांचे संदर्भकोश : नोंद, निवड आणि विश्वासार्हता

प्रस्तावना

चित्रपटविषयक संदर्भग्रंथ म्हटले की मान्यवर दिग्दर्शक, पारितोषिकप्राप्त कलाकृती आणि चित्रपटकलेतील प्रवाह यांची माहिती देणारे जाडजूड कोश डोळ्यांसमोर येतात. महाविद्यालयीन ग्रंथालयात प्रवेश मिळतो तोही बहुधा याच ग्रंथांना. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत व ब्रिटनमध्ये निराळ्याच कोशांची एक परंपरा निर्माण झाली. अल्प भांडवलात उरकलेले भयपट व विज्ञानपट, मोटारसायकलस्वार टोळ्यांचे चित्रपट, प्रबोधनाच्या नावाखाली निषिद्ध विषय दाखवणारे चित्रपट अशा हजारो चित्रपटांची नोंद या कोशांनी घेतली. यांपैकी अनेकांचे परीक्षण कोणत्याही प्रमुख वृत्तपत्राने छापले नव्हते. कोशांचे लेखकही बहुतांशी प्राध्यापक नव्हते, प्रेक्षक होते. म्हणूनच हे कोश अभ्यासाचे साधन मानावेत की करमणुकीचे वाचन, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रत्येक कोश कसा तयार झाला हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

तीन संज्ञा

‘बी-चित्रपट’, ‘एक्स्प्लॉइटेशन चित्रपट’ आणि ‘कल्ट चित्रपट’ या संज्ञा सरसकट एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. वस्तुतः त्यांचे आधार भिन्न आहेत.

बी-चित्रपट ही मुळात आर्थिक संज्ञा होय. १९३० च्या दशकात अमेरिकेतील चित्रपटगृहांत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत रूढ झाली. मुख्य चित्रपटाच्या निर्मात्यास तिकीटविक्रीतील टक्केवारी मिळे, तर जोडीच्या चित्रपटास ठरावीक भाडे. उत्पन्न आधीच ठरलेले असल्याने खर्च कमी करणे हाच नफ्याचा मार्ग उरे. रिपब्लिक, मोनोग्राम, पीआरसी यांसारख्या संस्था या गणितावर उभ्या होत्या. १९४८ मध्ये पॅरामाउंट खटल्याच्या निकालाने बड्या संस्थांची चित्रपटगृहांवरील पकड सैल झाली, पुढे दूरचित्रवाणी आली आणि दुहेरी खेळांची जुनी व्यवस्था मोडली. नाव मात्र टिकले. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने तरुण प्रेक्षक आणि ड्राइव्ह-इन चित्रपटगृहे डोळ्यांसमोर ठेवून अल्पखर्ची चित्रपटांचा धडाका लावला. रॉजर कॉर्मन यांच्या ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) या चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण अवघ्या दोन दिवसांत पार पडले होते.

‘एक्स्प्लॉइटेशन’ या शब्दाचे मराठीत ‘शोषण’ असे भाषांतर करण्याचा मोह होतो. परंतु ते दिशाभूल करणारे ठरते. एरिक शेफर यांनी १९१९ ते १९५९ या कालखंडातील अशा चित्रपटांचा इतिहास लिहिला (१९९९). त्यात त्यांनी दाखविल्याप्रमाणे या शब्दाचा रोख मूलतः जाहिरातबाजीकडे होता. नामांकित नट नसलेला चित्रपट विकण्यासाठी जी अधिकची हिकमत लढवावी लागे, ती म्हणजे एक्स्प्लॉइटेशन. क्रोगर बॅब यांचा ‘मॉम अँड डॅड’ (१९४५) हे याचे ठळक उदाहरण. स्त्रियांचे व पुरुषांचे खेळ वेगळे ठेवले जात, मध्यंतरात आरोग्यविषयक व्याख्यान होई आणि त्यानंतर पुस्तिका विकल्या जात. २००५ मध्ये हाच चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला.

‘कल्ट’ हा गुण चित्रपटाचा नव्हे, तर प्रेक्षकांच्या वर्तनाचा. म्हणूनच डॅनी पिअरी यांच्या ‘कल्ट मूव्हीज’ (१९८१) या शंभर चित्रपटांवरील ग्रंथात ‘कॅसाब्लांका’सारखा बड्या संस्थेचा चित्रपटही येतो.

‘सायकोट्रॉनिक’ कोशाची घडण

या परंपरेतील सर्वाधिक प्रभावी ग्रंथ म्हणजे मायकेल वेल्डन यांचा ‘द सायकोट्रॉनिक एन्सायक्लोपीडिया ऑफ फिल्म’ (१९८३). वेल्डन मूळचे क्लीव्हलँडचे. तेथील एका रॉक वाद्यवृंदात ते ड्रम वाजवीत. न्यूयॉर्कमध्ये आल्यावर १९८० मध्ये त्यांनी ‘सायकोट्रॉनिक टीव्ही’ नावाची साप्ताहिक पत्रिका सुरू केली. मजकूर हाताने लिहायचा, त्याच्या छायाप्रती काढायच्या आणि वाटायच्या, असा हा व्यवहार. त्या आठवड्यात शहरातील दूरचित्रवाणीवर, बहुधा अपरात्री, कोणते विचित्र चित्रपट लागणार आहेत याची माहिती तीत असे. ‘सायकोट्रॉनिक’ हा शब्द त्यांनी शिकागोत तयार झालेल्या ‘द सायकोट्रॉनिक मॅन’ या अल्पखर्ची चित्रपटाच्या नावावरून उचलला आणि त्याखाली भयपटापासून रॉक संगीतपटापर्यंत सर्व काही एकत्र केले. पत्रिकेतील या उद्योगातूनच तीन हजारांहून अधिक चित्रपटांचा कोश साकार झाला.

या कोशाचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन ग्रंथस्थिती पाहावी लागते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या अधिकृत सूचीचे १९२१-३० आणि १९६१-७० या दशकांचे खंड अनुक्रमे १९७१ व १९७६ मध्ये निघाले होते. १९३१-४० चा खंड १९९३ मध्ये, तर १९४१-५० चा १९९९ मध्ये आला. याचा अर्थ असा की, बी-चित्रपटांच्या भरभराटीच्या दशकांची संस्थात्मक सूची वेल्डन यांच्यासमोर नव्हतीच. त्यांच्यापूर्वी वॉल्ट ली यांनी अद्भुतपटांची तीन खंडांची संदर्भसूची (१९७२-७४) स्वतःच प्रकाशित केली होती. ज्या चित्रपटांविषयी पुरेशी खात्री झाली नाही त्यांची ली यांनी वेगळी यादी दिली. हा प्रामाणिकपणा पुष्कळ प्रतिष्ठित कोशांतही आढळत नाही, हे येथे नमूद करावयास हवे.

वेल्डन यांच्या नोंदीचे स्वरूप साधे आहे. वर्ष, निर्मितीसंस्था, दिग्दर्शक, निर्माता, लेखक, नट, चित्रपट रंगीत की कृष्णधवल आणि त्यानंतर चार-सहा ओळींत कथानक व एखादी चमत्कारिक माहिती. गुणांकन नाही. लिओनार्ड माल्टिन यांच्या लोकप्रिय मार्गदर्शिकेशी याची तुलना उद्‌बोधक ठरते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१४ मध्ये अखेरची आवृत्ती निघालेल्या त्या ग्रंथात चार तारे ही कमाल श्रेणी, तर ‘बॉम्ब’ हा शेरा सर्वांत खालचा. ‘इझन्ट इट रोमँटिक?’ (१९४८) या चित्रपटाचे परीक्षण तर तेथे एकाच नकारार्थी शब्दात उरकले आहे. वाचकाचा वेळ वाचवणे हे माल्टिन यांचे प्रयोजन; त्यासाठी ते रास्तच आहे. वेल्डन यांचे प्रयोजन चित्रपट अस्तित्वात होता हे सांगणे. इतिहासाच्या अभ्यासकास पन्नास वर्षांनंतर तारे उपयोगी पडत नाहीत, छायालेखकाचे नाव उपयोगी पडते.

मात्र वेल्डन यांच्या पद्धतीची मर्यादाही तिच्या उगमातच आहे. दूरचित्रवाणीवरील प्रती वेळेच्या व नीतिमत्तेच्या सोयीने कापलेल्या असत. जुन्या एक्स्प्लॉइटेशन चित्रपटांच्या तर स्थानिक अधिकाऱ्यांच्या कडकपणानुसार ‘गरम’ आणि ‘थंड’ अशा दोन प्रती फिरत. तेव्हा नोंद करणाऱ्याने नेमकी कोणती प्रत पाहिली, हा प्रश्न अशा कोशाच्या प्रत्येक पानावर विचारावा लागतो.

नावांचा घोळ

सूचिकारासमोरील सर्वांत अवघड प्रश्न मूल्यमापनाचा नसून ओळखीचा असतो. मारियो बाव्हा यांचा १९७१ मधील एकच इटालियन चित्रपट ‘अ बे ऑफ ब्लड’, ‘कार्नेज’, ‘ट्विच ऑफ द डेथ नर्व्ह’ अशा अनेक नावांनी प्रदर्शित झाला. नाव बदलले की जुने पोस्टर पाहिलेला प्रेक्षक पुन्हा तिकीट काढतो, हा त्यामागील व्यवहार.

याउलट एका चित्रपटातून दोन चित्रपट निर्माण झाल्याचीही उदाहरणे आहेत. ‘प्लानेटा बुर’ (१९६२) या सोव्हिएत विज्ञानपटाचे हक्क कॉर्मन यांनी मिळवले. त्यातील दृश्यांना अमेरिकेत चित्रित केलेले प्रसंग जोडून प्रथम ‘व्हॉयेज टू द प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ (१९६५) आणि नंतर ‘व्हॉयेज टू द प्लॅनेट ऑफ प्रीहिस्टॉरिक विमेन’ (१९६८) असे दोन चित्रपट बाजारात आणले गेले. दिग्दर्शक म्हणून अनुक्रमे जॉन सेबास्टियन व डेरेक थॉमस ही नावे झळकली. प्रत्यक्षात ती कर्टिस हॅरिंग्टन आणि पीटर बोगदानोविच यांची टोपणनावे होती, आणि पडद्यावरील अवकाशयानाची बरीचशी दृश्ये पावेल क्लुशांत्सेव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाची होती. केवळ श्रेयनामावली उतरवून घेणारा सूचिकार येथे तीन वेळा फसतो. पर्यायी नावांची उलटसूची हा चाहत्यांच्या कोशांतील रूक्ष भाग बहुतेक वाचक ओलांडून जातात. संशोधकाच्या दृष्टीने मात्र तोच गाभा होय.

उपहासाचे कोश

याच काळात दुसरी एक शाखा फोफावली. हॅरी मेडव्हेड यांनी रँडी ड्रेफस यांच्यासह ‘द फिफ्टी वर्स्ट फिल्म्स ऑफ ऑल टाइम’ (१९७८) आणि बंधू मायकेल यांच्यासह ‘द गोल्डन टर्की अवॉर्ड्‌स’ (१९८०) हे ग्रंथ लिहिले. दुसऱ्या ग्रंथाने वाचकांच्या कौलाने ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ला सर्वकाळातील निकृष्ट चित्रपट आणि एड वुड यांना निकृष्ट दिग्दर्शक ठरवले. वुड १९७८ च्या डिसेंबरमध्येच निवर्तले होते. आपल्या नावाची ही चेष्टा आणि तिच्यातून आलेली कीर्ती, दोन्ही त्यांना पाहावयास मिळाले नाहीत. पुढे रुडॉल्फ ग्रे यांनी वुड यांच्या सहकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारित चरित्र सिद्ध केले (१९९२), आणि १९९४ मध्ये टिम बर्टन यांचा ‘एड वुड’ हा चित्रपट आला.

मेडव्हेड बंधूंच्या याच ग्रंथात ‘डॉग ऑफ नॉर्वे’ नावाच्या चित्रपटाची माहिती आहे. असा चित्रपट कधी निघालाच नव्हता. आपण एक बनावट नोंद घुसडली आहे, ती शोधून काढा, असे आव्हान लेखकांनी वाचकांना दिले होते. विनोद म्हणून हे खपून जाते. परंतु संदर्भग्रंथातील नोंद एकदा दुसऱ्याने उचलली की तिच्यासोबतचे आव्हान मागे राहते आणि खोटी माहिती तेवढी पुढे सरकते. हसण्यासाठी लिहिलेल्या कोशातून तथ्य उचलताना हा धोका ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

ब्रिटनमध्ये तर सरकारी यादीनेच मार्गदर्शिकेचे काम केले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अश्लीलतेच्या कायद्याखाली कारवाईयोग्य ठरू शकणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींची यादी अभियोग संचालकांच्या कार्यालयाने केली. तीत वेळोवेळी एकूण ७२ नावे आली, त्यांपैकी ३९ वर खटले यशस्वी झाले. बंदीसाठी केलेली ही यादी पुढे संग्राहकांची खरेदीची यादी बनली.

जेफ्री स्कॉन्स यांनी १९९५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात या सगळ्या अभिरुचीस ‘पॅरासिनेमा’ असे नाव दिले. ही चित्रपटांची जात नसून वाचनाची पद्धत आहे, प्रतिष्ठित अभिरुचीविरुद्ध घेतलेली भूमिका आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यानंतर विद्यापीठांनी चाहत्यांचे कोश गंभीरपणे वाचावयास आरंभ केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

भारतीय संदर्भ

भारतातील परिस्थिती विचार करावयास लावणारी आहे. आशीष राजाध्यक्ष व पॉल विलेमेन यांच्या भारतीय चित्रपटकोशाने (१९९४, सुधारित आवृत्ती १९९९) ‘हंटरवाली’ (१९३५) सारख्या वाडिया बंधूंच्या मारधाडपटांची सन्मानाने दखल घेतली. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी दशकवार सिद्ध केलेला ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ हा तर वेल्डन यांच्या उद्योगाचा अधिक शिस्तबद्ध सहोदर म्हणावा लागेल. गाणी हे निमित्त असल्याने त्यात थोर चित्रपट आणि विस्मृतीत गेलेला स्टंटपट एकाच मापाची जागा घेतात.

त्यानंतरच्या काळातील, विशेषतः व्हिडिओ युगातील अल्पखर्ची हिंदी चित्रपटांना मात्र ‘सी-ग्रेड’ हे विशेषण मिळाले, नोंद क्वचितच मिळाली. महाबळेश्वरच्या परिसरात चित्रित झालेल्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) असा रामसे बंधूंचा प्रवास मुंबईतच घडला. तरीही त्याची दखल घेणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत इंग्लंडमध्ये प्रकाशित झालेल्या पीट टॉम्ब्स यांच्या ‘मॉन्डो मकाब्र’ (१९९७) या पुस्तकाचा समावेश करावा लागतो. शाम्य दासगुप्ता यांचे रामसे यांच्यावरील पुस्तक २०१७ मध्ये आले, जे. नीलम, विनोद तलवार, दिलीप गुलाटी, किशन शाह या दिग्दर्शकांना बोलते करणारी ‘सिनेमा मरते दम तक’ ही मालिका २०२३ मध्ये आली. तोपर्यंत या व्यवसायातील कित्येक तंत्रज्ञ काळाच्या पडद्याआड गेले होते.

या चित्रपटांचा कोश करावयाचा झाल्यास आरंभ कोठून करावा, यास एक व्यावहारिक उत्तर आहे. प्रत्येक प्रतीच्या प्रारंभी काही क्षण दिसणारे सेन्सॉर प्रमाणपत्र. चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी, रिळांची संख्या, अर्जदार व निर्माता आणि प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक त्यावर असतो. प्रेक्षक ते वाचत नाहीत, आणि व्हिडिओ प्रती काढणाऱ्यांनी ते अनेकदा कापूनच टाकले. जेथे ते शिल्लक आहे तेथे पडदा थांबवून ते उतरवून घेणे, मग भित्तिपत्रकावरील नावाशी ते ताडून पाहणे आणि दोहोंत फरक आढळल्यास दोन्ही नावे नोंदवून ठेवणे, एवढे काम पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थीही प्रकल्प म्हणून करू शकतील.