जोखमीचे भांडवल – लेखांक ६ : निर्णय घेणारी माणसे कोण?

न्हावा शेवा बंदरात सीमाशुल्क खात्याला शंका आली, की कंटेनर स्कॅनरकडे पाठवला जातो. सील न तोडता आतला माल पडद्यावर दिसतो. पोलादी पत्रा भेदणारे हे क्ष-किरण दवाखान्यातल्या क्ष-किरणांपेक्षा कितीतरी जोरकस असतात. ते निर्माण करण्याची नेहमीची रीत अशी: इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग द्यायचा आणि जड धातूवर आदळवायचे. हे ज्ञान मुळात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांतले. ते विकाऊ यंत्रात उतरवणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांत अमेरिकेची ‘हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन’ ही एक होती. १९४६ साली ती निघाली. तिची यंत्रे आजच्या स्कॅनरपेक्षा वेगळ्या घडणीची होती, पण काम तेच, कणांना वेग देण्याचे. तिच्यात भांडवल घातले ते त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ या संस्थेने. आधुनिक व्हेंचर फंडांची सुरुवात तिच्यापासून मानतात.

व्हेंचर फंड पैसा कसा उभारतो आणि परतावा कसा वाटतो, हे मागच्या लेखांकांत पाहिले. आजचा प्रश्न माणसांचा आहे. विज्ञानावर पैसा लावायचा की नाही, हे ठरवणारी माणसे कुठल्या कामातून आलेली असतात आणि त्याने काय फरक पडतो?

तारण नसलेला व्यवहार

बंदर उभारायला कर्ज मिळते. न्हावा शेव्यासाठी १९८४ मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केले आणि १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. धक्का, क्रेन, जमीन सगळे डोळ्यांना दिसते. जहाजे किती येतील आणि दर काय लागेल, याचा हिशेब मांडता येतो. प्रयोगशाळेतल्या नव्या रेणूचे तसे नसते. तो औषध होईल की नाही, हे कळायलाच दहा वर्षे लागू शकतात. तारण ठेवायला काही नसते आणि ताळेबंदात फक्त खर्च दिसतो. अशा वेळी कागद वाचून निर्णय होत नाही. समोरच्या शास्त्रज्ञाला नेमका प्रश्न विचारता यावा लागतो आणि मिळालेले उत्तर तोलताही यावे लागते.

पहिल्या फंडाच्या संस्थापकांनी हे ओळखले होते. कार्ल कॉम्प्टन हे भौतिकशास्त्रज्ञ आणि एमआयटीचे अध्यक्ष. राल्फ फ्लँडर्स यंत्र-अवजारांच्या कारखानदारीतून वर आलेले आणि बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष झालेले. मेरिल ग्रिसवोल्ड म्युच्युअल फंड चालवणारे. कारभार हाती घेतला जॉर्ज डोरिओ यांनी. ते पॅरिसमध्ये जन्मलेले, पहिल्या महायुद्धात फ्रेंच तोफखान्यात लढलेले, पुढे हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सैनिकांचे बूट, कपडे, शिधा यांवरच्या संशोधनाचे नियोजन त्यांच्याकडे होते. प्रयोगशाळेतली कल्पना हजारो सैनिकांच्या पायात वेळेवर कशी पोहोचवायची, हे त्यांनी करून पाहिले होते. विज्ञान, कारखाना, पैसा आणि अंमलबजावणी अशी चारही अंगे या मंडळींत आली. १९५७ मध्ये याच संस्थेने डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. त्या हिश्श्याची किंमत पुढे शेकडो पटींनी वाढली.

एकच बाजू भक्कम असली की

यातले एखादे अंग लंगडे पडले तर काय होते, याची दोन उदाहरणे.

पहिले थेरानोस. २००३ मध्ये सुरू झालेल्या या अमेरिकी कंपनीचा दावा होता, की बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबभर रक्तातून कितीतरी चाचण्या करता येतात. संचालक मंडळावर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ हे माजी परराष्ट्रमंत्री होते, माजी सेनाधिकारी होते. रुपर्ट मर्डॉक आणि वॉलमार्टच्या वॉल्टन घराण्याने प्रत्येकी दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम लावली. वैद्यकीय तंत्रज्ञानात मुरलेले बहुतेक फंड मात्र लांबच राहिले. २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बिंग फोडले आणि २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना अकरा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. नावे मोठी होती. रक्ताच्या चाचणीचे यंत्र उघडून दाखवा, असा हट्ट धरणारा माणूस त्या टेबलाशी नव्हता.

दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो. १९५५ मध्ये पुण्यात जन्मलेले विनोद खोसला शिक्षणाने अभियंते. आयआयटी दिल्लीत विद्युत अभियांत्रिकी, मग कार्नेगी मेलनमध्ये जैववैद्यकीय अभियांत्रिकी आणि नंतर स्टॅनफर्डचे एमबीए. १९८२ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक झाले आणि २००४ मध्ये त्यांनी खोसला व्हेंचर्स काढली. लाकडाच्या भुशापासून इंधनतेल बनवू पाहणाऱ्या ‘किऑर’ या कंपनीवर त्यांनी मोठा डाव लावला. मिसिसिपी राज्याने साडेसात कोटी डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. कारखाना उभा राहिला, पण अपेक्षेइतके तेल निघेना आणि २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. संशोधक भरपूर, पण कारखाना चालवलेली माणसे थोडी, अशी टीका नंतर झाली. ज्याने चार लिटरचे पातेले उत्तम सांभाळले, त्याच्याकडून हजार पानांच्या पंगतीचा स्वयंपाक आपोआप होत नाही.

आपल्याकडची पार्श्वभूमी

भारतात या कामाचा पाया बँकवाल्यांनी घातला. आयसीआयसीआयचे तेव्हाचे प्रमुख नारायणन वाघुल यांच्या काळात, १९८८ मध्ये, यूटीआयच्या भागीदारीत ‘टीडीआयसीआय’ ही व्हेंचर कंपनी निघाली. वाघुल वाणिज्य शाखेचे पदवीधर, उभी हयात बँकिंगमध्ये गेलेली. तरीही १९८७ मध्ये बायोकॉन या तेव्हाच्या लहानशा कंपनीला स्वतःचे विकर-तंत्रज्ञान वाढवण्यासाठी अडीच लाख डॉलरचे पाठबळ त्यांच्यामुळेच मिळाले. म्हणजे विज्ञानाची पदवी नसलेला माणूसही योग्य निर्णय घेऊ शकतो. पण वाघुल यांच्यासारखी जोखीम घेणारे बँकवाले थोडे. तारण पाहूनच पैसा द्यायचा, ही सवय आपल्या व्यवस्थेतून अजून पुरती गेलेली नाही.

महाराष्ट्रातले सगळ्यांत शिकण्यासारखे उदाहरण पुण्याच्या पाषाणमध्ये आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या आश्रयाने २००७ मध्ये ‘व्हेंचर सेंटर’ सुरू झाले. ते फंडापेक्षा उबवण केंद्र अधिक आहे. नवउद्योजकाला प्रयोगशाळा, महागडी उपकरणे, पेटंटचा सल्ला आणि सुरुवातीचे थोडे भांडवल तिथे मिळते. केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’ची ५० लाख रुपयांपर्यंतची ‘बिग’ अनुदाने वाटणाऱ्या भागीदार संस्थांत ते आहे. त्याचे प्रमुख डॉ. व्ही. प्रेमनाथ यांनी आयआयटी मुंबईतून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि एमआयटीतून डॉक्टरेट. कृत्रिम सांध्यासाठी लागणाऱ्या पॉलिथिलीनवर किरणांचा मारा करून ते वितळवले, तर त्याची झीज पुष्कळ कमी होते. या शोधाच्या पेटंटवर सहसंशोधक म्हणून त्यांचे नाव आहे. प्रयोगशाळेतले निरीक्षण रुग्णाच्या शरीरात बसेपर्यंत मध्ये किती टप्पे येतात, हे अशा माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. नवउद्योजक दोन वर्षांचे काम सहा महिन्यांत करू म्हणाला, तर तो लगेच ओळखतो. आपल्याला अशी माणसे डझनाने हवी आहेत.

आता हे तातडीचे का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली आणि ३ नोव्हेंबर २०२५ रोजी तिचा प्रारंभ झाला. हा पैसा ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’कडे येणार आणि तिथून दुसऱ्या फळीतल्या निधी-व्यवस्थापकांकडे जाणार. गुंतवणूक फंड, वित्तसंस्था, सरकारचे तंत्रज्ञान विकास मंडळ, बायरॅक अशांना ही जबाबदारी मिळू शकते. कंपन्यांना कमी किंवा शून्य व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जे आणि भागभांडवल मिळेल, असा आराखडा आहे.

इतका पैसा उपलब्ध झाल्यावर रकमेपेक्षा व्यवस्थापकांची निवड महत्त्वाची ठरते. निवड समित्यांवर नुसते लेखापाल बसले, तर पैसा सुरक्षित दिसणाऱ्या, म्हणजे ज्यांना बाजारातूनही कर्ज मिळाले असते अशा कंपन्यांकडे वळेल. नुसते प्राध्यापक बसले, तर उत्तम शोधनिबंध निघतील आणि कारखाना निघणार नाही. निवृत्त अधिकारी आणि मोठी नावे गोळा केली, तर थेरानोसची गोष्ट आपल्या पैशाने पुन्हा लिहिली जाईल. प्रत्येक समितीत निदान एक माणूस स्वतः संशोधन केलेला, एक कारखाना उभारलेला आणि एक स्वतःच्या जोखमीवर पैसा घालून गमावलेलाही असावा. सरकारने निधी-व्यवस्थापकांची यादी जाहीर करताना निर्णय घेणाऱ्यांची पार्श्वभूमीही जाहीर करावी.

पनवेल-उरण पट्ट्यातला एखादा तरुण संशोधक किंवा उद्योजक उद्या अशा फंडाच्या दारात उभा राहील, तर त्यानेही उलट प्रश्न विचारायला संकोचू नये. फंडात किती पैसा आहे, हे फंडवाले स्वतःहून सांगतात. तुमच्यापैकी प्रयोगशाळेत कोण होते, कारखाना कोणी चालवला आणि एखादी कंपनी बुडत असताना तिच्यासोबत कोण राहिले, हे मात्र विचारूनच घ्यावे लागते. या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर तिथला पैसा नाकारलेला बरा.

(पुढील लेखांकात : पेटंट कोणाचे, संशोधकाचे की संस्थेचे?)