इंजिनिअरांची बैठक आणि मिस्त्रींची खुर्ची

अकलूजला इंजिनिअर किती, असं कुणी विचारलं तर मला चटकन आकडा सांगता यायचा नाही. पण इंजिनिअर नसते तर हे गाव आजच्यासारखं दिसलं नसतं, एवढं खरं. वेळवंडी नदीवर भाटघरचं मोठं धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरं झालं, नीरेचा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात आला आणि कुसळं उगवणाऱ्या माळावर ऊस उभा राहिला. मग माळीनगरला सासवडच्या माळी मंडळींचा कारखाना, श्रीपूरला दुसरा, पुढे अकलूजला शंकरराव मोहिते-पाटलांचा सहकारी कारखाना. कारखान्यामागून फिटर, वेल्डर, ओव्हरसिअर आणि इंजिनिअर येतात, आणि चार इंजिनिअर जमले की त्यांचं मंडळ निघतं. आमच्याकडेही निघालं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी बैठक, एक पाहुणा, एक व्याख्यान, मग चहा.

मी इंजिनिअर नव्हे, इंजिनिअरची बायको. सुरुवातीला चहा-पोह्यांचं बघायला म्हणून गेले आणि ऐकत बसले. गळीत हंगामात निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, कारण कारखान्याची मंडळी पाळीवर. पावसाळ्यात मात्र खोली भरते. १५ सप्टेंबरला अभियंता दिन, त्या दिवशी विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार. एका वर्षी पाहुण्यांनी हार-तुऱ्यांवर न थांबता त्यांचं आपल्या भागाशी असलेलं नातं उलगडून सांगितलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला हा माणूस मुंबई इलाख्याच्या नोकरीत होता. खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्याआधी, १८९९ च्या सुमारास, दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली होती. वरच्या अंगाच्या मोजक्या बागायतदारांनी सगळं पाणी ओढू नये, जमिनीचे गट पाडावेत, ऊस आणि हलकी पिकं आळीपाळीने घ्यावीत आणि पाणी जास्त गावांना पुरावं, असा तो विचार. व्याख्यान संपल्यावर मागून एक शेतकरी म्हणाले, "म्हंजे शेपटाकडच्यांचं रडगाणं तेव्हापास्नंच हाय म्हणा!" सगळे हसले. हसले खरे, पण चारीच्या शेवटाला ज्यांची जमीन आहे ते जरा कमीच हसले.

तुम्ही म्हणाल, घर सांभाळणाऱ्या बाईला यात काय रस? आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला दर उन्हाळ्यात तडा जायचा आणि पावसाळ्यात तो मिटायचा. बांधणाऱ्याला विचारलं तर "वास्तू बसतेय, वहिनी," एवढंच उत्तर. काळ्या मातीवरच्या व्याख्यानात कोडं सुटलं. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर घर तिच्याबरोबर वरखाली होतं. पाया मुरमापर्यंत न्यावा, किंवा तळाशी कंदासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवावेत. रुरकीच्या संस्थेने ही दुसरी पद्धत अशा जमिनींसाठी विकसित केली. घरी येताना मी ह्यांना म्हटलं, "वास्तू बसत नव्हती, श्वास घेत होती."

पण सगळ्यात जड गेलं ते किल्लारीवरचं व्याख्यान. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची वेळ, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. पाहुण्यांनी चित्रं दाखवली. जाडजूड दगड-मातीच्या भिंती, दोन्ही तोंडांना मोठे दगड, मध्ये नुसता भराव, वर माळवदाचं ओझं. या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड नाही. त्यामुळे भिंत फुटली आणि माळवद निजलेल्या माणसांवर आलं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवणं आणि घराभोवती पट्ट्यासारखी सलग तुळई घेणं, यात अवघड काही नाही. बाहेर पडताना मी सहज म्हटलं, "हे गवंड्यांना कोण सांगणार?" कुणी उत्तर दिलं नाही.

पुढच्या बैठकीला मात्र चार गवंडी आले. दाराशी उभे राहिले, "आम्ही हितंच बरं," म्हणाले. अध्यक्षांनी उठून त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. त्या दिवशी विषय होता काँक्रीट. पाहुणे प्राध्यापक सांगत होते, नेहमीच्या घराच्या स्लॅबचा माल असेल तर सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला पाणी ३० लिटरपर्यंतच घाला. जादा पाण्याने माल कच्चा राहतो. त्यातले वडीलधारे मिस्त्री उभे राहिले.

"सर, कमी पाण्यात माल सळयांच्या खाली उतरत न्हाई. तुळई अन् खांब मिळतात तिथं तुमच्या नकाशात सळया इतक्या दाट, की बोट जात न्हाई. खाली पोकळी राह्यली तर नाव आमचं."

खोली गप्प झाली. नकाशे काढणारे तिघेचौघे तिथेच बसले होते. प्राध्यापक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मिस्त्री, बरोबर आहे तुमचं. पाणी वाढवणं हा उपाय नाही. पण चूक आधी नकाशात झाली आहे." मग फळ्यावर जोडाचं चित्र निघालं: सळया कशा वाटून घ्यायच्या, खडी बारीक कुठे वापरायची, व्हायब्रेटर किती वेळ धरायचा. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही. मला विचाराल तर इतक्या वर्षांतलं तेच एक खरं व्याख्यान, आणि ते निम्मं मिस्त्रींचं होतं.

यावर कुरकुर झालीच. बैठकीचा दर्जा उतरेल, असं एक गृहस्थ म्हणाले. दर्जा म्हणजे पाहुण्यांची पदवी, असं काहींना अजून वाटतं. मी तिकडे लक्ष देत नाही. आमच्या ह्यांनी मात्र सोमवारी एका चालू कामाचा नकाशा पुन्हा टेबलावर पसरला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

येत्या शनिवारचा विषय आहे पाणी मारण्याचा, म्हणजे नव्या स्लॅबला किती दिवस आणि कसं. बोलणार आहेत तेच मिस्त्री. "मला भाषाण जमत न्हाई, करून दावतो," असं त्यांनी कळवलंय. म्हणून बैठक खोलीत नाही, मागच्या अंगणात आहे. वाळू, खडी आणि सिमेंटची दोन पोती सांगून ठेवली आहेत. पोहे नेहमीप्रमाणे माझ्याकडे.