काडीसारखीं मुलें आणि चहांतील साखर

गेल्या महिन्यांत नव्या मुंबईत नेरूळ येथें एका एकत्र कुटुंबाकडे आम्ही पाहुणे म्हणून गेलों होतों. चहा झाला, शिरा झाला, पुन्हा चहा झाला. आजोबांना मधुमेह, म्हणून त्यांचा पेला तेवढा बिनसाखरेचा, वेगळा. नातवंडांच्या चहांत साखर घालतांना आजीबाई म्हणाल्या, "हीं तर काडीसारखीं आहेत; यांना कसलें भय?"

ही समजूत घरोघर आढळते. पण ती फसवी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगांत शेंकडा २१.२, तर युडकिन यांच्या अंगांत ९.१! आपल्याकडील कित्येक नवजात बालकेंही वजनानें हलकीं, पण त्या मानानें चरबीयुक्त असतात, असें याज्ञिकांस आढळलें.

या छुप्या चरबींत साखर भर घालते. पोटांत गेल्यावर साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. ग्लुकोज रक्तांत येतांच स्वादुपिंड इन्सुलिन सोडतें. फ्रुक्टोजचा बहुतेक भाग यकृतांत जातो आणि गरजेहून अधिक झाल्यास तेथें त्याची चरबी बनते. ती सांचली कीं इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. स्वादुपिंड अधिकाधिक राबतें व अखेर थकतें. मग रक्तांतील साखर वाढून डोळे, मूत्रपिंडें व हृदय यांची वर्षानुवर्षें नकळत हानि होत राहते. गूळ घेतला म्हणून सुटका नाहीं. तोही बहुतांशीं साखरच.

वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आंत राहिल्यास अधिकच हितकर, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें. दोन-दोन चमच्यांचे तीन पेले चहा झाले कीं हे सहा चमचे संपले. शिरा अजून पानांत पडावयाचाच आहे!

तेव्हां आमची गृहिणींना एवढीच विनंती, कीं आजोबांचा पेला वेगळा करण्याऐवजीं सर्वांच्याच चहांतील साखर हळूहळू उणी करावी. एकट्याचें पथ्य मोडतें. साऱ्या घराची संवय टिकते. आणि मग सणाची पुरणपोळीही खरोखर सणासारखी गोड लागते.