कॅमेऱ्याची किंमत आणि कसबाचे मोल

महाविद्यालयांतून अलीकडे लघुपट काढण्याची हौस वाढीस लागली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या हौसेचा पहिला बळी बहुधा घरातील मुदतठेव ठरते. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या कारकुनाचा वा शिक्षकाचा मुलगा दिग्दर्शक होण्याचे मनात आणतो आणि वडिलांपुढे पहिली मागणी ठेवतो ती दोन-तीन लाखांच्या कॅमेऱ्याची. ठेव मोडली जाते किंवा मासिक हप्ते सुरू होतात. कॅमेरा घरी येतो. कथा मात्र अद्याप लिहिलेली नसते. पुढे त्याच कॅमेऱ्याची सुधारित आवृत्ती बाजारात येते, हाती असलेल्याची किंमत उतरते, आणि आपले अडले ते यंत्र जुने झाल्यामुळे, अशी मुलगा स्वतःची समजूत करून घेतो. तेव्हा हा प्रश्न केवळ कलेचा नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाने आपली तुटपुंजी बचत यंत्रात गुंतवावी की शिक्षणात, असा तो आहे.

या संदर्भात दादासाहेब फाळके यांचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धेच. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून त्यांनी १९१२ साली लंडन गाठले आणि तेथे विल्यमसन कॅमेरा खरेदी केला, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावरून काढला जाणारा बोध असा, की ऋण काढावे पण यंत्र घ्यावे. वस्तुतः फाळके त्या वेळी चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते. छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, ब्लॉक बनविण्याचा व छपाईचा व्यवसाय, इतकेच नव्हे तर जादूचे प्रयोग, एवढी सारी शिदोरी घेऊन ते बोटीत बसले होते. लंडनमधील त्यांचे वास्तव्य काही आठवड्यांचेच. त्यामागील उमेदवारी दोन तपांची होती. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर त्यांच्या भांडवलाचा मोठा हिस्सा त्यांच्या हातांत व डोळ्यांत साठलेला होता.

कॅमेरा आल्यावरही पैसा लावणारा कोणी पुढे येईना. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे सुमारे महिनाभर, रोज थोडी थोडी करून, टिपली. पडद्यावर दाण्याचा वेल होताना काही क्षणांत दिसला आणि धनकोचे मन वळले. ते विलायती यंत्र पाहून वळले नव्हते; कुंडीतल्या दाण्यात दाखविण्याजोगे काही आहे हे ज्याला सुचले, त्या माणसावर त्याने विश्वास टाकला. पुढे घरातच कारखाना थाटला गेला. कोऱ्या फिल्मला काठाने छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाईंनी केले आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्याच्या जमाखर्चात या बाईंच्या श्रमांची किंमत कोणी मांडली असेल असे वाटत नाही.

कोल्हापुरात तर याहून पुढची मजल मारली गेली. नाटकांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांच्यापाशी विलायती कॅमेऱ्यापुरता पैसा नव्हता. त्यांनी यंत्राची रचना समजून घेऊन कॅमेरा स्वतःच घडविण्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तथापि बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने तो पुरा केला. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. वेशभूषा आणि पात्रांच्या हालचाली आधी कागदावर रेखाटून घेण्याचा त्यांचा प्रघात होता. कच्ची फिल्म महाग, तेव्हा विचार कागदावर करणेच परवडत असे!

यंत्राला काहीच महत्त्व नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १९३१ साली ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिल्यावर ध्वनिमुद्रणाच्या यंत्राविना तग धरणे दुरापास्त झाले आणि ‘प्रभात’लाही ते घ्यावे लागले. किमान साधन हाती नसेल तर कसब पांगळे होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण बोलपटाची यंत्रे त्या काळी इतरांपाशीही होती. ‘संत तुकाराम’ १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनीच केला.

आज ते किमान साधन बहुतेकांच्या खिशातील फोनमध्ये आहे. जी वस्तू सर्वांपाशी असते तिच्यामुळे कोणाचेच पारडे जड होत नाही. दुर्मिळ उरते ते कसब. उलट, चित्रणाचा खर्च जवळजवळ शून्यावर आल्याने नवशिका तासन्‌तास चित्रण करीत सुटतो आणि संकलनाला बसल्यावर दोन दृश्ये एकमेकांना जुळत नाहीत. शॉन बेकर या अमेरिकी दिग्दर्शकाने ‘टँजरीन’ हा २०१५ सालचा चित्रपट आयफोनवर चित्रित केला, याचे कौतुक फार झाले. त्याआधी त्याने चार चित्रपट केले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. फोन ही त्याची पैशाची अडचण होती, सिद्धांत नव्हता. पुढे ऐपत आल्यावर ज्या ‘अनोरा’साठी त्याला २०२५ साली ऑस्कर मिळाले, तो त्याने पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरच घेतला.

विद्यार्थ्यांना सहसा कोणी न सांगितलेली आणखी एक व्यावहारिक गोष्ट आहे. मुंबईतील मोठे निर्मातेसुद्धा कॅमेरा बहुधा विकत घेत नाहीत. दिवसाच्या भाड्याने आणतात. पॅनाव्हिजनसारखी नामांकित कंपनी तर आपले चित्रपटाचे कॅमेरे विकतच नाही, केवळ भाड्याने देते. जे कोट्यधीशाला परवडत नाही, ते कारकुनाच्या मुलाने हप्त्यांवर का घ्यावे? लग्नसमारंभाच्या चित्रणावर ज्याचे पोट चालते त्याची गोष्ट वेगळी. त्याचा कॅमेरा रोज राबतो. वर्षातून चार दिवस चित्रण करणाऱ्याने त्या चार दिवसांचे भाडे भरावे आणि उरलेल्या रकमेतून आधी बरा ध्वनिमुद्रक आणावा. अंधूक चित्र प्रेक्षक सोसतो, पण संवाद ऐकू आला नाही की उठून जातो. त्यानंतर नटांच्या तालमी, त्यांचा प्रवास व जेवणखाण, आणि संकलकाचे मानधन. महाविद्यालयांच्या चित्रपट-मंडळांनीही आपल्या वार्षिक अनुदानाचे अंदाजपत्रक एकदा याच क्रमाने मांडून पाहावे, आणि कॅमेऱ्याची रक्कम शेवटी लिहावी.