शापित गावात बळी कोणाचा?

जालन्याहून भोकरदनला जाताना केदारखेड्याजवळ पूर्णा नदी लागते. नदीवर पूल आहे. पूल म्हटला की जुन्या बायकांच्या तोंडी एक गोष्ट हमखास येते. पायात माणूस गाडल्याशिवाय नदी खांब उभा राहू देत नाही, म्हणून ठेकेदाराची माणसे पोरे धरून नेतात! ही अफवा एका गावाची नाही. महाराष्ट्रात जिथे मोठा पूल किंवा धरण बांधायला निघाले, तिथे तिथे ती पोचली आणि आयांनी संध्याकाळी मुलांना घरात कोंडले.

आता आपल्या घरातली मुले मोबाईलवर जपानी कार्टून पाहतात. त्यांत शापित गाव असतेच. डोंगरात धुके, नदीकाठी देऊळ, आणि दरवर्षी एका मुलीचा बळी मागणारा देव. पोरे घाबरतात आणि तरीही पाहतात. आम्हाला वाटते, मुलांच्या हातातून मोबाईल हिसकावण्यापेक्षा त्यांना या गोष्टीचे मूळ सांगावे. ते मूळ फार मजेचे आहे.

जपानात 12व्या शतकातला ‘कोन्जाकु मोनोगातारी’ नावाचा मोठा कथासंग्रह आहे. त्यात मिमासाका प्रांतातली एक कथा येते. तिथल्या देवाला दरवर्षी एक कुमारिका द्यावी लागे. ज्या घरावर पाळी येई, ते घर वर्षभर रडे. एका वर्षी परमुलखातला एक शिकारी तिथे आला. पाळी आलेल्या मुलीशी त्याने लग्न केले, आणि आपल्या दोन कुत्र्यांना माकडे मारायला शिकवले. ठरल्या दिवशी मुलीऐवजी तोच कुत्र्यांना घेऊन पेटीत बसला. पुजाऱ्यांनी पेटी देवळात नेऊन ठेवली. झाकण उघडले तेव्हा समोर देव कसला, एक भलेमोठे माकड आणि त्याच्याभोवती माकडांची टोळी! कुत्र्यांनी टोळीचा फडशा पाडला. म्होरक्या माकड सापडले, तेव्हा देव पुजाऱ्याच्या अंगात आला आणि जिवाची भीक मागू लागला. पुन्हा बळी मागणार नाही, असे कबूल करून सुटला. अंगात येण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही. मात्र देवच गयावया करतो आहे, असे आपल्याकडे सहसा पाहायला मिळत नाही.

त्या कथेतली मुलगी बऱ्या घरची आहे. आपल्याकडच्या कथेत पेटी बऱ्या घरी जात नाही.

पुरंदर किल्ल्याचा शेंद्री बुरूज घ्या. बिदरच्या बादशहाच्या काळातली ही कथा आहे. बुरूज बांधला की ढासळे. मग दृष्टांत झाला की, पायात थोरला मुलगा आणि त्याची बायको जिवंत गाडल्याशिवाय तो टिकणार नाही. गाडले कोणाला? नाथनाक आणि देवकाई यांना. बापाला बदल्यात इनाम मिळाले. नावापुढे ‘नाक’ कोण लावत असे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कथा अक्षरशः खरी की नाही, यावर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. पण बुरूज ढासळतो म्हटल्यावर गवंड्याचा चुना किंवा पायातला मुरूम तपासायचे कोणाला सुचले नाही, आणि गाडायला माणूस मात्र चटकन सापडला. तोही कोणत्या वस्तीतला, हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

मराठवाड्यात याच रोगाचे नाव भानामती. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले लुगडे पेटते, अंगावर फुल्या उमटतात, बाई कुत्र्यासारखी भुंकते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी असली प्रकरणे जाऊन तपासली, तेव्हा दगड मारणारा हात बहुतेक वेळा घरातलाच निघाला. भुंकणाऱ्या बाईच्या मागे सासुरवासाची, न बोलता येणाऱ्या दुःखाची गोष्ट निघाली. तिला औषध हवे होते, कोणीतरी ऐकून घ्यायला हवे होते. गावाने त्याऐवजी ‘करणारा’ शोधला. तो विधवेच्या झोपडीत सापडतो, नाहीतर गावकुसाबाहेर. पाटलाच्या वाड्यात भानामती करणारा सापडला, असे आम्ही तरी ऐकले नाही.

पोरे पळवणाऱ्यांच्या अफवेनेही माणसेच खाल्ली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे सोलापूर जिल्ह्यातून आली होती. 2024 साली न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पाच घरांचे कर्ते पुरुष त्याने परत आले नाहीत.

कायदा आता आपल्या बाजूने आहे, पण तो घरात माहीत असला पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक बाई करणी करते, तमक्याने मंत्राने गुरांचे दूध आटवले, अमक्यामुळे गावात रोगराई आली, असे सांगून कोणाचे जगणे मुश्कील करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. भानामतीच्या नावाने दहशत घालणे हाही गुन्हाच आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही. म्हणजे ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावीच लागते; ‘गावात बसून मिटवा’ असे सांगून परत पाठवता येत नाही. पोलीस निरीक्षक दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्याचीही तरतूद आहे. तक्रार लेखी द्यावी, नाव घेऊन आरोप कोणी केला, कोणत्या दिवशी, कोणासमोर, हे त्यात लिहावे, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.