जंतू औषधाला दाद देतो का? डीएनए प्रोबची ओळख

१९९८ सालची गोष्ट. घाटकोपरला आमच्या चाळीत एक तरुण राहत होता, कारखान्यात हेल्पर. सात महिने तो टीबीच्या गोळ्या घेत होता. डॉक्टर बदलले, गोळ्यांचे रंग बदलले, खोकला मात्र तसाच. शेवटी त्याचा बेडका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथे आधी जंतू वाढवायचे आणि मग त्यांच्यावर एकेक औषध वापरून बघायचे, अशी पद्धत. टीबीचा जंतू वाढायला फार संथ. दोन महिने गेले. ऑफिसातून हाफ डे टाकून रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना जंतू दाद देत नाही, असे त्यावर लिहिले होते. आम्ही त्याला पोहोचवून आलो त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते.

२०२३ साली त्याच चाळीतल्या एका १९ वर्षांच्या मुलीला तसाच खोकला लागला. तिने सकाळी बेडका दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट हातात आला. टीबीचे जंतू आहेत. रिफाम्पिसिनला दाद देत नाहीत. जी गोष्ट कळायला त्या तरुणाचे दोन महिने गेले, ती हिला एका दिवसात कळली. मधल्या पंचवीस वर्षांत झाले काय? उत्तर एका शब्दात द्यायचे तर, प्रोब.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे माझ्याच भाषेत सांगतो. जमाखर्चाच्या वहीत प्रत्येक जमेला एक नावे असते. डीएनएचेही तसेच आहे. हा दोन पदरी धागा चारच अक्षरांत लिहिलेला असतो : ए, टी, जी आणि सी. एका पदरात ए असेल तर समोरच्यात टीच, आणि जी असेल तर सीच. आता जंतूच्या धाग्यातला एखादा ठराविक मजकूर शोधायचा असेल, तर त्याच्या बरोबर जोडीचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत तयार करायचा आणि त्याला खूण म्हणून चमकणारा रंग लावायचा. हा तुकडा म्हणजे प्रोब. लाखो अक्षरांच्या गर्दीत तो आपली जोडी शोधून तिलाच चिकटतो. अक्षर चुकले तर चिकटत नाही.

या न चिकटण्यातच खरी गंमत आहे. रिफाम्पिसिन हे औषध जंतूच्या ज्या यंत्रणेवर घाव घालते, तिचा मजकूर आरपीओबी नावाच्या जनुकात असतो. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जंतूंमध्ये बदल सापडतो तो या जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात. म्हणून जीनएक्स्पर्ट यंत्राच्या मूळ चाचणीत या पट्ट्यावर पाच प्रोब पहाऱ्याला बसवले. केसाच्या पिनेसारखे दुमडलेले हे तुकडे दुमडलेले असेपर्यंत विझलेले असतात. जोडी सापडली की उलगडतात आणि चमकतात. पाचही चमकले तर औषध चालेल. एखादा विझलेलाच राहिला तर तिथले अक्षर बदलले आहे आणि रिफाम्पिसिन फुकट जाणार. असे प्रोब न्यूयॉर्कमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी तयार केले, १९९६ साली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरात या चाचणीला मान्यता दिली. आपल्याकडे दवाखान्यात तिला ‘सीबीनॅट’ म्हणतात. यंत्राला साधारण दोन तास लागतात.

दुसरी चाचणी एलपीए, म्हणजे लाइन प्रोब. इथे प्रोब कागदासारख्या पट्टीवर ओळीने चिकटवलेले असतात. बेडक्यातला डीएनए त्यावर सोडला की जिथे जोडी जमते तिथे रेघ उमटते. कोणती रेघ उमटली आणि कोणती नाही, यावरून आयसोनियाझिडचाही निकाल लागतो. तिसरे ट्रूनॅट हे गोव्याच्या मोलबायो कंपनीचे छोटे, बॅटरीवर चालणारे यंत्र. २०२० साली त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. आपल्या शेजारच्या गोव्याने हे केले, याचा मला अभिमान वाटतो.

मुंबईला याची गरज का, ते जुना अभ्यास सांगतो. डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने धारावी भागातल्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीवर काय औषध द्याल असे विचारले. उत्तरे आली ८० प्रकारची! हे १९९१ साली छापून आले. अशा अर्धवट आणि भलत्या औषधांतूनच दाद न देणारा जंतू पोसला जातो. पुढे २०१२ च्या सुमारास हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी तपासलेली कोणतीच औषधे लागू न पडणारे रुग्ण जगापुढे मांडले, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले.

आता कामाचे बोलतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात दहा हजारांच्या आसपास जंतू लागतात. जीनएक्स्पर्टच्या मूळ चाचणीला सुमारे १३० पुरतात. म्हणून ‘थुंकी निगेटिव्ह आली’ म्हणून घरी बसू नका. दोन आठवडे खोकला, ताप, वजनात घट असेल तर पालिकेच्या केंद्रात जाऊन सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करा असे स्पष्ट म्हणा. ते फुकट आहे. औषधेही फुकट आहेत, आणि खुराकासाठी उपचार चालू असेपर्यंत महिन्याला मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. त्यासाठी बँकेचे खाते लागते, तेवढे पासबुक जवळ ठेवा. आणि नमुना देताना तोंडातली लाळ नको. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. कितीही भारी यंत्र असले तरी लाळेत जंतू नसतील तर ते काय करणार?

त्या मुलीला इंजेक्शनांशिवाय, गोळ्यांचा नऊ-अकरा महिन्यांचा उपचार सुरू झाला. घरातल्या सगळ्यांचीही तपासणी झाली. तीन महिन्यांनी तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “भाऊ, तेच मशीन परत का लावत नाहीत? गुण आला का ते लगेच कळेल.” तिचा प्रश्न रास्त होता. पण प्रोब फक्त मजकूर ओळखतो. तो जिवंत जंतूचा आहे की मेलेल्या, हे त्याला कळत नाही. औषधाने मेलेल्या जंतूंचा डीएनए बरेच दिवस बेडक्यात येत राहतो आणि यंत्र उगाच ‘आहे’ म्हणते. म्हणून उपचाराचा गुण बघायला जुनीच पद्धत वापरतात : बेडक्यातले जंतू वाढवून बघायचे. तेवढ्यापुरते थांबावेच लागते. तिच्या आईला हे पटले, पण रिपोर्ट येईपर्यंत ती दर दोन दिवसांनी केंद्रावर चक्कर मारत होती. जंतू वाढले नाहीत, असा तो रिपोर्ट आला.